टेलरमधला ‘वाय’ आणि तेरचे थापटणे

आडनावाला अर्थ असतो की नसतो, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या हवाली करून मोकळे व्हावे इतका निरुपद्रवी नाही. संतसाहित्याची इंग्रजी भाषांतरे आपण वर्गात शिकवतो आणि ‘गोरा कुंभार’चे ‘गोरा द पॉटर’ झालेले मुकाट्याने स्वीकारतो. त्या एका ‘द’मधून एका परक्या समाजाचा दोन-तीन शतकांचा इतिहास आपल्या मजकुरात शिरतो, आणि तो इतिहास आपल्याकडे घडलेलाच नाही. म्हणून हे भाषांतर केवळ अपुरे नाही, ते दिशाभूल करणारे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी एका इंग्रजी आडनावाची कुळकथा सांगावी लागेल. आडनाव आहे ‘टेलर’, आणि ते निवडण्याचे कारण धाराशिव जिल्ह्यातच सापडते.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गचा डेप्युटी कमिशनर म्हणून जो अधिकारी आला तो फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीने तो आधीच विलायतेत नावाजला होता. १८५७मध्ये वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो या मुलखात राहिला, आणि ‘तारा’ (१८६३) ही त्याची कादंबरी याच मातीतून निघाली. अफजलखानाच्या स्वारीचा काळ, तुळजापूरचे देऊळ आणि तिथल्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी असा तिचा पट आहे. त्यातले मोरो त्रिमल हे पात्र पाहा. नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर त्याचे भागते. आडनावाची सक्ती नसलेल्या जगातली ही माणसे आहेत, आणि ती रंगवणारा लेखक मात्र आडनाव मिरवणाऱ्या जगातला.

त्या लेखकाच्या नावाचा शब्दशः अर्थ लावला तर हसू येते. ‘मेडोज’ म्हणजे कुरणे, ‘टेलर’ म्हणजे शिंपी. नळदुर्गच्या किल्ल्यावरून हुकूम काढणारा हा साहेब आडनावाने शिंपी होता. तरी त्याच्या हाताखालच्या एकाही कारकुनाला, किंवा विलायतेतल्या एकाही वाचकाला, साहेबाचे पूर्वज कपडे शिवत असतील असा विचार करण्याची गरज पडली नसेल. दख्खनच्या रयतेने ‘मेडोज’चे ‘महादेव बाबा’ केले, अशी हकिगत त्याच्या चरित्रासोबत सांगितली जाते. लोकांनी नावातला जो भाग उचलला तो हा. टेलर हा शब्द त्यांनी साहेबाकडेच राहू दिला.

या शब्दाच्या मुळाशी सुई नाही, कात्री आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कापणे’ या अर्थाचे एक क्रियापद होते. त्यावरून फ्रेंच ‘तायर’ झाला आणि नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर तो इंग्लंडात उतरला. जर्मन ‘श्नायडर’चाही धात्वर्थ कापणाराच आहे. उलट आपल्याकडे रुळलेला ‘दर्जी’ फारसी ‘दर्ज’ म्हणजे शिवण या शब्दावरून आला. एकाच कारागिराला कोणी कापण्यावरून ओळखले, कोणी जोडण्यावरून. (यातून संस्कृतीविषयी काही सिद्धांत काढण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो आवरावा.)

महत्त्वाचे पुढचे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या दप्तरांत हे नाव ‘विल्यम ल टायूर’ अशा धर्तीने येते. यातला ‘ल’ म्हणजेच इंग्रजीतला ‘द’. विल्यम, तो शिंपी. हे आडनाव नव्हे, ही ओळख आहे. एका गावात चार विल्यम असतील तर कोणता, ते सांगणारी. विल्यमचा मुलगा दळणाचा धंदा करू लागला तर तो ‘मिलर’ होणार. पुढे मालमत्ता, वारसा आणि करवसुली यांच्या रेट्याने ही ओळख बापाकडून मुलाकडे उतरू लागली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात डोईपट्टी बसली. तिच्या याद्यांत नावाने एक आणि धंद्याने दुसरा अशी माणसे भेटतात. ‘ल’ गळून पडला होता. धंद्याचा शब्द आणि आडनाव यांचे स्पेलिंगही कालांतराने वेगळे झाले. कपडे शिवणाऱ्याच्या ‘टेलर’मध्ये ‘आय’ हे अक्षर राहिले, आडनावातल्या ‘टेलर’मध्ये ‘वाय’ आले. शब्द मेला आणि नाव उरले, त्याची खूण म्हणजे हा ‘वाय’.

साहित्याच्या अभ्यासकाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते चॉसरचे. हे आडनाव पायमोजे-पादत्राणे करणाऱ्याच्या फ्रेंच नावावरून आले आहे. पण जेफ्री चॉसरचे वडील आणि आजोबा दारूचे व्यापारी होते आणि तो स्वतः दरबारात व जकातखात्यात वावरला. त्याच्या यात्रेकरूंना तो गिरणीवाला, आचारी, कारभारी असे धंद्यावरूनच ओळखतो. मात्र त्याचे स्वतःचे धंद्याचे नाव तोवर निव्वळ ध्वनी झाले होते. नामदेवांचे निर्याण परंपरेने १३५० सालचे मानले जाते, म्हणजे तेव्हा चॉसर बालवयात होता. ही समकालीनता लक्षात ठेवावी, कारण पुढचा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

आज ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच-सहा आडनावांत टेलर आहे, आणि सर्वांत वर स्मिथ, म्हणजे लोहार. हे आकडे कारागिरांच्या संख्येविषयी काहीच सांगत नाहीत. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख लोकांनी हे आडनाव नोंदवले आणि ते सतराव्या क्रमांकावर आले. त्यांतले चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय होते. इथे इंग्रजी आडनावाची निरागसता संपते. गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या कित्येक आडनावांमागे मालकाचे घराणे असते, शिंप्याची कात्री नव्हे. म्हणजे तिकडची आडनावे सर्वस्वी मुक्त आहेत असे मी म्हणत नाही. पण शब्दाचा मूळ अर्थ मात्र तिथेही मेलेलाच आहे. टेलर नावाच्या कृष्णवर्णीयाला कोणी शिंपी समजत नाही.

आता तेरकडे येऊ. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ते ठाऊक होते. मराठी मनात मात्र ते गोरोबाकाकांचे गाव आहे. संतमेळा त्यांच्या घरी जमला. मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याविषयी विचारले. कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ते याने कळते, असे उत्तर मिळाल्यावर तिने या मडक्यांचीही परीक्षा करा म्हटले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. सगळे शांत बसले, नामदेव मात्र कळवळले आणि कच्चे ठरले. इंग्रजीत सांगायचे तर तेर येथे पॉटरने टेलरची परीक्षा घेतली. हे वाक्य विनोदी वाटते, आणि ते विनोदी का वाटते हाच माझा मुद्दा आहे. इंग्रजी कानाला ही दोन आडनावे ऐकू येतात. मराठी कानाला दोन जाती ऐकू येतात, आणि त्या दोन जातींची माणसे एका अंगणात, एका पंक्तीला बसली याचा अर्थ ऐकू येतो.

‘कुंभार’ या शब्दात निदान तीन गोष्टी आहेत. एक धंदा. दुसरी जन्माने मिळालेली, धंदा सोडला तरी न सुटणारी जात. तिसरी त्या जातीवर आणि धंद्यावर संतांनी सांगितलेला हक्क: माती तुडवता तुडवता विठ्ठल भेटतो, त्यासाठी चाक सोडावे लागत नाही. ‘द पॉटर’मध्ये यांतली पहिलीच गोष्ट येते. शिवाय इंग्रजी वाचक ‘द पॉटर’ला अजाणता ‘ल टायूर’च्या रांगेत बसवतो. आज ओळख आहे, उद्या ‘द’ गळेल, परवा निव्वळ नाव उरेल, असे त्याच्या भाषेचा अनुभव त्याला सांगतो. गोरोबांच्या शब्दाला तो पुढचा प्रवास मिळालाच नाही. ज्या शतकात इंग्लंडात धंद्याची नावे विझत होती त्याच शतकात आपल्याकडची नावे तशीच तेवत राहिली, आणि सातशे वर्षांनी शाळेच्या दाखल्यावर तोच शब्द आडनावाच्या आणि जातीच्या अशा दोन रकान्यांत लिहिला जाऊ शकतो.

हे सर्वांच्या बाबतीत सारखे घडले नाही. ज्ञानेश्वरांचे घराणे आपेगावच्या कुलकर्ण्यांचे, पण ‘ज्ञानदेव कुलकर्णी’ असे कोणी म्हणत नाही. रामदासांचे ‘ठोसर’ चरित्रकारांपुरते उरते. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांची नावे मात्र धंद्यासकटच उच्चारली जातात. नामदेव आणि तुकाराम यांना या शेपटातून बरेचसे सोडवले ते त्यांच्या थोरवीने. म्हणजे मराठी वाङ्मयेतिहासात जात नावातून गळते ती जन्माने वरच्यांची आपोआप आणि इतरांची फार मोठे झाल्यावर. नामदेवांची तीही सुटका मराठीपुरती आहे. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत, त्यांत मनाचा गज आणि जिभेची कात्री होते, आणि पंजाबात त्यांची ओळख ‘छींबा’ म्हणून आजही सांगितली जाते. पंढरपूरहून घुमानपर्यंत पदांबरोबर तो शब्दही चालत गेला.

यावर एक आक्षेप येतो: थांबा, आपल्याकडेही हे अर्थ मरतील. उदाहरण म्हणून कुलकर्णी, देशमुख, पाटील पुढे केले जातात. ती हुद्द्यांची नावे, आणि वतने विसाव्या शतकात कायद्याने गेली. हुद्दा मेला हे खरे. पण ‘कुलकर्णी’ ऐकल्यावर आपल्याला दप्तर आठवत नाही, तसे जमाखर्चही आठवत नाही. जे आठवते ते आपण सगळे जाणतो. शब्दाचा कोशातला अर्थ मेला आणि समाजातला अर्थ जास्तच टवटवीत झाला. गुजरातेत शिंपी समाजातल्या कितीतरी कुटुंबांनी ‘टेलर’ हेच आडनाव घेतले. ते बहुधा ‘आय’ने लिहिले जाते. एका अक्षराचा फरक, पण तेवढ्यात सात शतकांचे अंतर आहे. एका ‘टेलर’ने नळदुर्गचा कारभार केला तरी कुणाला शिंपी आठवला नाही. दुसऱ्या ‘टेलर’ने कोणताही कारभार केला तरी सोयरीक जुळवताना तो शब्द वाचला जातोच.

गावावरून आलेली ‘कर’वाली नावे ही या फासातून निघण्याची वाट म्हणून सांगितली जाते. तुळजापूरकर, परांडेकर, धाराशिवकर: नकाशा सांगतात, जात सांगत नाहीत, असा समज आहे. शहराचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते त्या सगळ्या काळात ‘धाराशिवकर’ या आडनावाने जुने नाव सांभाळून ठेवले, ही त्यांतली गोड गोष्ट. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झालेले नाव तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण ‘कर’ ऐकून आपण थांबतो का? ‘मूळचे कुठले’ या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न येतोच.

याचा पुरावा साहित्याच्याच मांडवातला आहे. जानेवारी २०२०मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला धर्माच्या नावाने विरोध झाला. दिब्रिटो हे मूळ पोर्तुगीज नाव ‘दे ब्रितो’. ब्रितो हे गाव, आणि ‘दे’ म्हणजे ‘चा’. मराठीत नेमके सांगायचे तर ‘ब्रितोकर’. ज्या जिल्ह्यात तुळजापूरकर आणि परांडेकर यांची गावे आहेत तिथे एक ब्रितोकर अध्यक्ष झाला होता, वसईच्या मराठीत वाढलेला, मराठीत बायबल आणणारा. विरोध करणाऱ्यांनी नावाचा अर्थ वाचला नाही, नावातून माणसाचा धर्म वाचला. त्यांची पुस्तके किती जणांनी वाचली होती, ते विचारण्यात अर्थ नाही. संमेलन तरीही झाले. दिब्रिटो जुलै २०२४मध्ये गेले.

तेव्हा भाषांतरात काय करावे? ‘कुंभार’ हा शब्द तसाच ठेवावा, ‘द’ लावू नये आणि तळटीप द्यायचीच तर तिच्यात ‘मडकी करणारा’ एवढेच लिहून सुटू नये. इंग्रजी वाचक अडखळेल. अडखळू द्यावा, ‘चॉसर’ला आपणही अडखळतोच, आणि त्याचे ‘जेफ्री चांभार’ करण्याचे अजून कोणाला सुचलेले नाही. सुचले तर काय गहजब होईल याची कल्पना वर्गात विद्यार्थ्यांना जरूर करायला लावावी. ‘द पॉटर’ आपल्याला इतकी वर्षे का खटकला नाही, हा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारील.