डब्यातला लाडू

गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक घोळ झाला, तो यंदा कबूल करते.

आमच्या पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीक इथे ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवली आणि तिचं जीपीएस ठिकाण जाहीर केलं. त्यातून 'जिओकॅशिंग'चा खेळ जगभर पसरला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवायची आणि डबा होता तसा, कुणाच्या नजरेस न पडता, परत लपवायचा.

लेकाबरोबर मीही जाऊ लागले. दिवाळीत रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून दोन बेसनाचे लाडू डब्यात ठेवले. आठवड्याने पाहिलं तर डबा फुटलेला, वही चिखलात. रकूनला तुपाचा वास लागला होता! खायचं काही ठेवायचं नाही, हा नियम मी वाचलाच नव्हता.

डबा ठेवणाऱ्या आजोबांना लाजत लाजत कळवलं. ते हसले. "अहो, त्या पहिल्या बादलीतही बीन्सचा डबा होता! शनिवारी या, नवा डबा ठेवू."

भर पावसात आम्ही तिघांनी तो ठेवला. नव्या वहीत पहिली सही त्यांनी मला करायला लावली. मग त्यांनी थर्मासमधली कॉफी काढली, मी लाडू. या वेळी थेट त्यांच्या हातावर ठेवला.

यंदा त्या डब्यात मातीची पणती आहे. सापडली तर जरूर न्या. बदल्यात काहीही ठेवा, फराळ सोडून!