बाकावरच्या सोबत्यासाठी

शालेय प्रकल्प ही आता दुकानात मिळणारी वस्तू झाली आहे. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, हवे ते तयार मिळते. पालक पैसे मोजतात, मूल वर आपले नाव लिहिते, गुरुजी गुण देतात. तिघांचेही समाधान होते. शिकत मात्र कोणीच नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधारित शिक्षणाचा आग्रह धरला, पण त्याचा अर्थ इतकाच लावला गेला असेल, तर तो दोष धोरणाचा नव्हे.

यावर आमची एक सूचना आहे. विद्यार्थ्याने प्रकल्प स्वतःसाठी न आखता बाकावरच्या सोबत्यासाठी आखावा, तोही सोबत्याची आवड ओळखून.

शाखेतील गटनायकाला यात नवल वाटणार नाही. गटातला कोण खेळात रमतो, कोणाचा गळा गोड आहे, कोण घरच्या अडचणीमुळे गप्प असतो, हे तो घरोघरी जाऊनच जाणतो. वर्गात मात्र वर्षभर खांद्याला खांदा लावून बसलेल्या मुलाचे घर कोणत्या गल्लीत आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ झाली!

अंबरनाथचे आनंदनगर घ्या. या औद्योगिक वसाहतीत पोट भरण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून कुटुंबे आली. त्यांची मुले एका वर्गात बसतात. त्यांतल्या एखाद्या अबोल मुलाची वही चित्रांनी भरलेली असेल, तर सोबत्याने त्याला शिवमंदिरात न्यावे. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर भूमिज शैलीचे. त्याच्या बाह्य भिंतीवरील एकच शिल्पपट्ट निवडून त्याचे प्रमाणबद्ध रेखाटन हा त्या मुलाचा प्रकल्प. आगगाडीचे वेड असलेल्याला जीआयपी धरण दाखवावे. वाफेच्या इंजिनांना लागणाऱ्या पाण्याची ती सोय होती. कारखान्यातील कामगाराच्या मुलीने वडिलांच्या यंत्राच्या सुट्या भागांचा सचित्र शब्दसंग्रह करावा. घरात रोज कानावर पडणारे ते शब्द पाठ्यपुस्तकात कुठेच नाहीत. मंदिराजवळून वाहणारी वालधुनीही आहेच. ठिकठिकाणी काठावरूनच तिच्या पाण्याचा रंग नोंदवावा, हात मात्र घालू नये. २०१४ साली उल्हासनगरात याच नदीत सोडलेल्या रसायनांमुळे शेकडो लोकांना श्वसनाचा त्रास झाला होता.

ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात गेली. शिकवण्याआधी त्यांनी त्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिले होते.

अडचणी आहेत. वर्गाचा पट मोठा, शिक्षकांवर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे. शिवाय स्वतःची आवड दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा मोह मुलांनाही होतो, थोरांप्रमाणेच. गुण आखणाऱ्याला द्यायचे की करणाऱ्याला, असेही शिक्षक विचारतील. दोघांना द्यावेत. मात्र त्यापूर्वी प्रकल्प पूर्ण करणाऱ्याकडून एका प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे: ही आवड माझी होती, की तुझी?