मागेल त्याला काम, आणि गावची पंचायत

ऊसतोडीचा हंगाम उरकून कुटुंबे गावी परतू लागली की कामाची मागणी वाढते. म्हणून ह्या अंकाचा विषय आम्ही 'ग्रामपंचायत आणि रोजगार हमी' असा योजिला आहे. 1972 च्या भीषण दुष्काळात मराठवाड्याच्या माळरानावर खडी फोडणाऱ्या हातांची जी मागणी होती, तिला रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या चिंतनातून वैधानिक रूप देणारा 1977 चा राज्याचा रोजगार हमी कायदा ही महाराष्ट्राने देशाला दिलेली थोर देणगी होय, असे आमचे निश्चित मत आहे. परंतु त्या व्यवस्थेत कामाचा हुकूम जिल्हाधिकारी-तहसीलदारांच्या कचेरीतून सुटे. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने खर्चाच्या मानाने निदान निम्मी कामे ग्रामपंचायतीकडे सोपविली आणि सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेच्या अखत्यारीत दिले.

अधिकार मिळाला, तरी तो बजावला जातोच असे नाही. कामाच्या अर्जाची तारखेसह पोचपावती मजुराच्या हाती नसेल, तर 15 दिवसांत काम मिळाले नाही हे सिद्ध करणे त्याला दुरापास्त होते, आणि बेकारभत्त्याचा हक्कही बुडतो. एका चिठोऱ्यावर एवढे सारे अवलंबून! म्हणूनच मंत्रालयीन धोरणे बाजूस ठेवून आम्ही ग्रामरोजगार सेवकाचे दप्तर, हजेरीपट व ग्रामसभेचे इतिवृत्त यांकडे पाहिले आहे. शहरवासीयांसही हा विषय परका नाही. ते भरतात तो व्यवसायकर मुळात रोजगार हमी योजनेसाठीच बसविण्यात आला.

पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडील सरपंचांनी, सेवकांनी आणि विशेषतः मजूर भगिनींनी आपले अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावेत.