दुखापत कोणाला परवडते?

गेल्या हिवाळ्यात एका मराठी संपादकांनी माझा एक अनुवाद परत केला. मूळ मजकूर इंग्रजीतला, एका हौशी धावपटूची वर्षभराची नोंदवही. आज किती किलोमीटर, कुठे दुखलं, किती दिवस थांबावं लागलं, पोटरीवर काय गोंदवून घेतलं, पुन्हा किती किलोमीटर. संपादकांचं पत्र सौजन्याचं होतं. भाषा ओघवती असल्याचं प्रशस्तिपत्रही त्यात होतं. पण सराव, दुखापत आणि टॅटू यांत साहित्यिक आशय तो काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि खाली एक सूचना होती: 'हौशी'च्या जागी 'समर्पित' घातलं तर लेखाला थोडं वजन येईल.

आधी मला प्रश्नाचा राग आला. तो ओसरल्यावर कळलं, खरी गोम सूचनेत आहे. 'समर्पित' म्हटलं की घाम पवित्र होतो आणि पुढचं काही विचारावं लागत नाही. 'हौशी' म्हटलं की लगेच प्रश्न येतात. हौस कोणाची, कोणाच्या पैशाने, घरचं कोण बघतंय? मला तोच शब्द हवा आहे, आणि तो या प्रश्नांसकट हवा आहे.

हौस आणि हवस ही एकाच अरबी मुळाची दोन भावंडं. हिंदीच्या वाट्याला वासना आली, आपल्या वाट्याला सणवार, पैठणी आणि डोहाळजेवण. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मोल विचारू नका असं म्हणायचं असतं. यात्रेला जाणाऱ्यांचे हौशे, नवशे, गवशे असे प्रकार करणारी ही भाषा आहे, तिला या शब्दातला कमीपणा ठाऊक नाही असं नाही. तरीही महाराष्ट्र शासन दरवर्षी हौशी नाट्य स्पर्धा भरवतं, आणि तिचं नाव 'समर्पित नाट्य स्पर्धा' करा असं कोणी सुचवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ऑफिस सुटल्यावर रात्री अकरापर्यंत तालीम करणाऱ्या कारकुनाला आपण रंगकर्मी म्हणतो. तोच कारकून पहाटे पाचला धावू लागला की ते फॅड होतं. माझा अंदाज असा, की आपल्याला आवाजाचा आदर आहे, गुडघ्याचा नाही. मराठी साहित्यात राबणारं शरीर आहे, मार खाणारं आहे, आसक्त आहे, आजारी आहे. आषाढात चालणारं तर दर वर्षी असतं. पण पलीकडच्या टोकाला विठोबा नसताना स्वतःहून दमणाऱ्या शरीराचं काय करायचं, हे आपल्याला उमगलेलं नाही.

माझं वय शेहेचाळीस. शिक्षण तौलनिक साहित्यातलं एम.ए., धंदा अनुवादाचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे चौदा वर्षांपूर्वी जयपूरला आले आणि सहा वर्षांपूर्वी धावायला लागले. कारण काही थोर नव्हतं. पाठ दुखत होती. आता मे महिन्यात पावणेपाचला घराबाहेर पडते, कारण साडेसहानंतर इथलं ऊन पाठीवर हात ठेवून खाली दाबतं. मंगळवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला, सोमवारी काही नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख दर वर्षी काळं पडून गळतं. एवढंच. रोजनिशी लिहायची तर हेच लिहावं लागेल आणि ते कंटाळवाणं होईल. आमच्या धावण्याच्या गटाला हा कंटाळा मान्य नाही. त्यांच्या टीशर्टांवर योद्धे असतात, आणि वेदना म्हणजे शरीरातून बाहेर पडणारा दुबळेपणा असतो. संपादकांना आशय दिसत नाही आणि टीशर्टवाल्यांना आशयाशिवाय दुसरं काही दिसत नाही, अशी माझी पंचाईत आहे.

मी धावते ते सेंट्रल पार्कात. त्याच्या एका बाजूला रामबाग राजवाडा आहे, आता हॉटेल झालेला, आणि शेजारी पोलोचं मैदान. सवाई मानसिंह दुसरे यांच्या संघाने १९३३ साली इंग्लंडमध्ये पोलोच्या स्पर्धा गाजवल्या, आणि १९७० मध्ये महाराज गेले तेही तिथेच, सायरेन्सेस्टरला पोलो खेळता खेळता कोसळून. पोटासाठी ते खेळत नव्हते, म्हणजे व्याख्येनुसार हौशीच. पण त्यांना तसं म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

एका पहाटे तिथेच झुंझुनूकडचा एक मुलगा माझ्या शेजारून धावत होता, म्हणजे माझ्यासाठी वेग कमी करून धावत होता. त्याने अदबीने विचारलं, "आंटीजी, आप किस भर्ती की तैयारी कर रही हो?"

मी म्हटलं, शौक से दौडती हूँ.

"अच्छा, शौक," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

संपादकांच्या पत्रापेक्षा हा शेरा मला जास्त लागला. झुंझुनू, सीकर, चुरू म्हणजे शेखावाटी, सैन्यात मुलं पाठवणारा मुलूख. तिथली बरीच मुलं जयपुरात गोपालपुरा बायपासच्या क्लासेसच्या आसपास एकेका खोलीत चार-चार राहतात आणि पहाटे धावतात. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर पूर्ण ६० गुण. मला त्याच अंतराला नऊ मिनिटं लागतात आणि पोचल्यावर मी स्वतःवर खूश असते. तीच वाट, तीच पहाट, बूट माझे त्याच्यापेक्षा पाचपट महाग. खेळाडू म्हणावं असं आमच्यात कोण आहे, हे वेगळं सांगायला नको. तरी 'हौशी ॲथलीट' मी, आणि तो 'बेरोजगार'.

शब्दाचा हा खोडसाळपणा जुना आहे. १८७९ साली इंग्लंडमधल्या हेन्ली नौकाशर्यतीच्या कारभाऱ्यांनी हौशी कोण याची व्याख्या केली, तेव्हा पैसे घेऊन वल्हवणाऱ्याला वगळलंच, पण जो कधीही मजुरीवर यंत्रकाम, कारागिरी किंवा अंगमेहनत करत असे त्यालाही वगळलं. हाताने काम केलेला माणूस हौशी असू शकत नाही! अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली, कारण त्याआधी किरकोळ मोबदल्यावर तो बेसबॉल खेळला होता. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं. आणि आपले खाशाबा जाधव? कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर गावकऱ्यांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन आलेल्या या माणसाला पोलिसातली नोकरी लागली १९५५ मध्ये. त्यांची हौस दुसऱ्याच्या घरावर कर्ज काढून भागली होती. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा क्रम उलटा. आधी महार रेजिमेंट, सियाचीन आणि राजस्थानातली नेमणूक, मग स्टीपलचेस, मग २०२२ ला बर्मिंगहॅमचं रौप्य. आधी पगार, मग पळणं. खोलीत चौघं राहणाऱ्या त्या मुलांना हा क्रम तोंडपाठ असतो.

आता दुखापत. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या नडगीत एक ठिपका दुखायला लागला. बोटाच्या टोकाने झाकता येईल एवढाच. शर्यतीचे पैसे भरलेले होते म्हणून तीन आठवडे मी कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. मग एमआरआय. हाडाला बारीक चीर. पुन्हा पुन्हा भार आला की हाड सूक्ष्म प्रमाणात झिजतं आणि शरीर ते भरून काढत असतं. झिजण्याचा वेग भरण्याच्या पुढे गेला की चीर पडते. औषध एकच, थांबणं. डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितले आणि वर विचारलं, या वयात कशाला? त्यांनी माझ्या नवऱ्याला असं कधी विचारलं असतं का, हा वेगळा लेख होईल.

त्या आठ आठवड्यांत मी काय गमावलं? काहीच नाही. एका कादंबरीची दोनशे पानं हातावेगळी केली. चिडचिड केली. फिजिओकडे जाऊन रबराचा पट्टा ताणला. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा गुडघा गेली चार वर्षं दुखतो आहे आणि त्या चार वर्षांत त्या आठ आठवडे सोडा, आठ दिवसही थांबलेल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते मी पलंगावर पाय उंच करून पडले होते म्हणून. मला 'दुखापत' झाली होती, त्यांना 'दुखणं' आहे. हिंदीतही तसंच. मला 'चोट', त्यांना 'दर्द'. इतकी वर्षं दोन्ही भाषांत काम करून ही विभागणी माझ्या नजरेतून सुटली होती.

आणि त्या झुंझुनूच्या मुलाला पुढच्याच थंडीत त्याच जागी, नडगीवर, तोच ठिपका दुखायला लागला. मी जाणकारीने सांगितलं, आठ आठवडे थांब. तो हसला. "आठ हफ्ते में तो भर्ती निकल जाएगी, आंटीजी." परकोट्यातल्या एका पहलवानाकडे जाऊन त्याने मालिश करून घेतली, वर पट्टी आणि वेदनाशामक गोळी. मैदानी चाचणीत चौथी फेरी तो पूर्ण करू शकला नाही, हे मला त्याच्या खोलीतल्या सोबत्याकडून कळलं. आता तो पटवारीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. चीर तीच होती. माझ्यासाठी ती किस्सा झाली.

गरजेचं शरीर आणि हौसेचं शरीर वेगळं काढता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी याच शहराचं एक उदाहरण आठवावं. इथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. तो अशा माणसांसाठी, ज्यांना उकिडवं बसायचं असतं, अनवाणी चालायचं असतं, शेतात उतरायचं असतं. कामाचा पाय. त्याच पायावर पुढे सुधा चंद्रन भरतनाट्यम नाचल्या. (मॅगसेसे पुरस्कार १९८१ मध्ये डॉक्टरांना मिळाला. हेन्लीच्या कारभाऱ्यांना यात वावगं वाटलं नसतं.)

राहिला टॅटू. माझ्या डाव्या पोटरीवर ४२.१९५ असं आहे, पहिल्या मॅरेथॉननंतर काढून घेतलेलं. मालवीय नगरातल्या वातानुकूलित दुकानात, इंचाच्या भावाने. मिरवण्यासाठीच, खोटं कशाला बोलू? हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा. शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू करून राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची म्हणून अंतर तेवढं झालं, आणि १९२१ मध्ये तेच कायम ठरलं. म्हणजे माझ्या पायावर इंग्लंडच्या राजाच्या बसण्याची सोय गोंदलेली आहे. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. माझी आत्या कॉलेजात जायला लागल्यावर मैत्रिणी घरी येणार असल्या की आजीला पदर पुढे घ्यायला सांगायची. आजीचं ते अडाणीपण आणि माझं ते व्यक्तिमत्त्व! मध्ये फक्त पन्नास वर्षं आणि एक इंग्रजी शब्द.

त्या मुलाच्या खोलीतल्या सोबत्याने खाटूश्यामच्या फाल्गुनी मेळ्यात दंडावर आईचं नाव गोंदवून घेतलं होतं, फुटपाथवर बसणाऱ्याकडून, बॅटरीवरच्या यंत्राने. सैन्याचा नियम असा, की कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत, बाकीच्यांना दंडावर चालत नाही. निमलष्करी दलांत तर फक्त डावा हात, कारण उजव्याने सलाम ठोकायचा असतो. आता तो लेझरने आईचं नाव पुसून घेतो आहे, एकेका बैठकीचे पैसे साठवून. अजून 'ल' दिसतो म्हणाला.

साहित्यिक आशय काय, असं मला विचारलं होतं. मी ज्या नोंदवहीचा अनुवाद केला तिच्यात यातलं काही नाही. त्या लेखकाला त्याची चीर दिसते, शेजारी धावणाऱ्याची दिसत नाही. पण त्याने आपले दिवस प्रामाणिकपणे मोजून लिहिले आहेत, आणि कोण किती दिवस थांबू शकतो हे अशा मोजदादीशिवाय दिसतच नाही. 'समर्पित' घातलं की तेही झाकलं जाईल.

गेल्या आठवड्यात मी तो मजकूर त्याच संपादकांना पुन्हा पाठवला. 'हौशी' जिथल्या तिथे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. उद्या मंगळवार, चारशे मीटर आठ वेळा.