जातिवंत म्हशींच्या जतनासाठी व दूधवाढीसाठी म्हैसपालकांना जाहीर आवाहन

म्हशीचे दूध एखाद्या जनुकामुळे वाढत नाही की घटत नाही. थोडा थोडा परिणाम करणारी असंख्य जनुके मिळून तिची दूध देण्याची क्षमता ठरते. म्हशी-म्हशींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण 20 ते 30 टक्के वाटा आनुवंशिक असतो. बाकीचा चारा, पाणी, आजार, वेत आणि निगा यांचा. चांगल्या खुराकाने वाढलेले दूध खुराक थांबताच उतरते. आनुवंशिक गुण मात्र पारडीत उतरतो, म्हणून पैदाशीची निवड महत्त्वाची.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातली लांब शिंगांची पंढरपुरी, विदर्भातली नागपुरी व पूर्णाथडी आणि मराठवाडी या राज्याच्या स्वतःच्या जाती आहेत. कडक ऊन आणि निकृष्ट वैरण सोसून दूध देणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या घडलेला गुण. हरियाणाची मुऱ्हा भरपूर खुराकावर अधिक दूध देते. पण सरसकट संकराने स्थानिक जातींचे हे वेगळेपण पुसले जाते आणि एकदा गेलेले परत आणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर म्हैसपालकांना पुढीलप्रमाणे आवाहन करण्यात येत आहे :

1. प्रत्येक म्हशीच्या कानात 12 अंकी बिल्ला मारून घ्यावा. ओळख नसलेल्या जनावराची नोंद निरुपयोगी ठरते.

2. व्याल्यापासून महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध व फॅट मोजून लिहावे. पारडासाठी सड सोडला असल्यास तेही नमूद करावे. 305 दिवसांच्या वेताचा अंदाज यातूनच बांधला जातो.

3. रेडा दूध देत नाही. त्याची पारख आईच्या आणि लेकींच्या दुधावरून होते. केवळ अंगकाठी पाहून रेडा निवडू नये. कृत्रिम रेतन केल्यास कांडीवरचा रेड्याचा क्रमांक टिपून ठेवावा.

4. लेकीला तिचा बाप असलेलाच रेडा दाखवू नये. अशा पैदाशीत जवळच्या रक्ताचे दोष उघडे पडतात. वाढ, गाभण राहणे आणि दूध तिन्ही घटतात. गावातला रेडा साधारण तीन वर्षांनी, त्याच्या पारड्या माजावर येण्याच्या सुमारास, बदलावा.

5. जातिवंत म्हैस त्याच जातीच्या रेड्याकडून भरवावी. मुऱ्हाचा वापर गावठी म्हशींपुरता ठेवावा.

ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिम येथे म्हशींसाठीच्या ‘महिष चिप’चे लोकार्पण झाले. या चिपमुळे पारडू लहान असतानाच त्याच्या डीएनएवरून पुढील गुणांचा अंदाज बांधता येतो. मात्र डीएनएतला कोणता फरक दुधाशी निगडित आहे, हे हजारो म्हशींच्या मोजलेल्या दुधाशी ताडूनच कळते. स्थानिक जातींच्या नोंदी नसतील, तर त्यांच्यासाठी तो अंदाज कच्चाच राहील. गोठ्यातली वही आणि प्रयोगशाळा यांची अशी सांगड असल्याने प्रत्येक म्हैसपालकाने येत्या वेतापासून नोंदी सुरू कराव्यात व त्या नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाव्यात.