गप्पी सोडण्याचं पुण्य

विहिरीत गप्पी मासे सोडल्याने पुण्य लागत नाही. हे एकदा स्पष्ट लिहून टाकावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. या शनिवारी ऑफिसचा फोन वाजला नाही, म्हणून बसलोय लिहायला.

नातेपुत्याला आमच्या घरी गप्पीच्या चार टाक्या आहेत. सोमवार ते शुक्रवार आई बघते, विकेंडला मी. टाक्या बघायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हे खात्यात का?" नाही म्हटलं की दुसरा ठरलेला: "मग एवढी पिल्लं ठेवून काय करतो? सोड की रं हिरीत. डास तरी खात्याल." तात्या हेच म्हणतात, शेजारचे सर हेच म्हणतात. सल्ला देताना चेहरे असे असतात की जणू चिमण्यांना दाणे टाकायला सांगतायत.

मंडळी, हा सल्ला चुकीचा आहे. नुसता निरुपयोगी असता तर मी एवढा वेळ घालवला नसता.

मुळात हा मासा आपला नाही. त्याचं गाव दक्षिण अमेरिकेचा ईशान्य किनारा आणि त्रिनिदाद. रॉबर्ट गप्पी नावाच्या त्रिनिदादच्या गृहस्थांवरून हे नाव पडलं, आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. भारतात तो आला डासांच्या अळ्या खायला, शंभरेक वर्षांपूर्वी. आणि आल्यावर त्याने जे केलं ते फक्त खाणं नव्हतं. मादी साधारण महिन्याला विते, एका वेळी वीस-तीस पिल्लं सहज. पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. आणि खरी गोम पुढेच आहे: एकदा नर भेटला की मादी त्याचं बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. म्हणजे तुम्ही 'एकच तर सोडली' म्हणता ती एकटी नसतेच. त्रिनिदादमध्ये याच्यावर प्रयोग झाले, २०११ साली प्रसिद्धही झाले. हौदात एकेकटी मादी सोडली, आणि बहुतेक हौदांत वसाहत उभी राहून टिकली.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे असं सॉफ्टवेअर आहे की एकदा प्रॉडक्शनवर गेलं की रोलबॅक नाही. ओढ्यातून गप्पी परत वेचून काढता येत नाहीत.

आता डासांचं बघू, कारण सगळं पुण्य तिथेच अडकलंय. गावात लोकांना भीती डेंग्यूची. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. तो विहिरीत, ओढ्यात, नीरा उजव्या कालव्यात फारसा जातच नाही. त्याला लागतं घरातलं साठलेलं स्वच्छ पाणी: न्हाणीतला हौद, गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, फुटका माठ, टायर, फ्रीजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि भांडं सुकलं तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून तर आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा आणि भांडं घासा म्हणतात. माझ्या गप्पी विहिरीत सोडल्या तर तुमच्या कूलरमधल्या अळ्यांना काय फरक पडणार? डास कूलरमध्ये आणि मासा विहिरीत, भेट कशी व्हायची दोघांची?

इथे कोणीतरी म्हणणार, "सरकारच सोडतं की गप्पी!" सोडतं, खरंय. आरोग्य खात्याची पैदास केंद्रंही असतात. त्यात तथ्यही आहे. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला, त्यात शहरातल्या विहिरी हेच डासांचं मुख्य घर म्हणून पुढे आल्या. मलेरियाचा तो शहरी डास, स्टीफेन्सी, विहिरीत आणि टाक्यांत वाढतो. तेव्हा शहरातली चारी बाजूंनी बांधलेली बंद विहीर, उपसता न येणारा सिमेंटचा हौद, बांधकामावरची टाकी, इथे गप्पी सोडायला माझी हरकत नाही. तिथून तो कुठे जात नाही. पण आपल्या शिवारातली विहीर म्हणजे भांडं नव्हे. मोटर लावली की तिचं पाणी पाटाने शेतात, शेततळ्यात, तिथून पावसात ओढ्याला. गटारीचंही तेच. गटारीत गप्पी मजेत जगतो, आणि पहिल्या वळवाला थेट ओढ्यात.

ओढ्यात गेला तर काय बिघडलं? तर मग उजनीला जाऊन या. लांब नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. जाळ्यात काय येतं ते विचारा. चिलापी. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला, गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून. हेतू किती चांगला बघा! आज धरणातले मूळचे मासे मागे पडलेत आणि बाजारात चिलापीचे ढीग. त्याच्यापुढची गोष्ट आम्हा हौशी लोकांना जास्त लागू आहे. काच चाटून साफ करतो म्हणून टाकीत ठेवतात तो सकर मासा, तोही आता उजनीच्या जाळ्यात येतो. तो कोणी मत्स्यबीज म्हणून सोडलेला नाही. दुकानातून बोटाएवढा आणला, फूटभर झाला, टाकीत मावेना, "मारायचा कसा, सोडू पाण्यात", संपला विषय. त्याची अंगावरची खरबरीत कवचं जाळी फाडतात, आणि विकत कोणी घेत नाही. भुर्दंड मासेमाराला, दया आपली!

असो. मग पिल्लांचं करायचं काय? माझं म्हणणं सरळ आहे: जेवढी सांभाळता येतील तेवढीच होऊ द्या. गप्पीची पैदास करायला अक्कल लागत नाही, ती आपोआप होते. अक्कल लागते ती थांबवायला आणि जी झाली ती नीट वाढवायला.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला लोक नावं ठेवतात, बादलीला पांढरा थर बसतो म्हणून. गप्पीला तेच मानवतं. त्यासाठी फिल्टरचं पाणी विकत आणू नका, दुकानदार काहीही सांगो. नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवा, एवढंच. मादीचं पोट चौकोनी दिसायला लागलं की तिला शेवाळ भरलेल्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि व्याली की लगेच काढा, कारण ती स्वतःचीच पिल्लं खाते. पिल्लं जन्मतःच पोहतात. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक घालू नका, डोळ्यांदेखत पाणी नासतं. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी आणि हवेची नळी, दीड दिवसात अळ्या तयार. गाळून, धुवून घाला. दिवसातून तीनदा थोडं थोडं. मे महिन्यात टाकी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि सकाळी पिल्लं वर तरंगताना दिसतात. आमची मधल्या खोलीत असते, बाहेरून ओलं पोतं.

आणि मुख्य काम चौथ्या आठवड्यात. नराचा खालचा पर काडीसारखा लांबट व्हायला लागतो. भिंग घ्या, बसा, नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. कंटाळवाणं आहे, माझा रविवारचा तास-दीड तास त्यातच जातो. पण हे केलं की हिशेब हातात राहतो. नाही केलं, की सहा महिन्यांनी तुम्हीही बादली घेऊन विहिरीच्या दिशेने निघणार.

जास्तीचे मासे मी देतो, फुकट देतो, पण फक्त नर, आणि घरात उपसता न येणारा हौद असेल त्यालाच. नराने अळ्या खाल्ल्या आणि वर्ष-दोन वर्षांनी तो मेला तर परत या, दुसरे देईन. यावर तात्या म्हणाले, "आरं पर मादी न्हाई म्हंजी वंश बुडाला की!" तेच तर पाहिजे, तात्या. सध्या बावीस नर शिल्लक आहेत. येताना झाकणाची बरणी आणा, पिशवी नको.