गावचा रस्ता कोणाच्या मालकीचा?

आठवडी बाजाराचा दिवस. वेशीपासून चावडीपर्यंतच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही अंगांना जीपगाड्या, टेम्पो आणि मोटारसायकली उभ्या. एसटीलाही वाट मिळत नाही. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला घेऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका निघाली, तर तिने जावे कोठून? कोणत्याही बाजारगावात हा प्रश्न विचारावा. ‘हे असेच चालायचे’, हेच उत्तर मिळते.

कायदा नाही असे मुळीच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने कोठे व किती वेळ उभी राहावीत, हे ठरवू शकतो. कलम १२७ अन्वये दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलविण्याचा आदेश गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. धोका निर्माण करणारे वाहन तर तत्काळ हलविता येते. त्याचा खर्च मालकाने सोसायचा. अडथळ्याबद्दल कलम २०१ मधील तासाला ५० रुपयांपर्यंतचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांपर्यंत वाढविला.

मग अडते कोठे? बाजार सकाळी भरतो आणि सायंकाळी उठतो. तेथे दहा तासांची मर्यादा काय कामाची? मनाईचे क्षेत्र रीतसर घोषित नसेल आणि तसा फलक नसेल, तर पोलिसाने कशाच्या आधारे हात घालावा? शिवाय वाहन उचलणारी गाडी शहरात असते, खेड्यात नव्हे. कायदा शहराच्या मापाने शिवला गेला आणि गावाने तो आपल्या अंगाला बेतून घेतलाच नाही.

यावर उपाय गावाच्याच हाती आहे. ग्रामसभेने ठराव करून वाहनतळाची जागा सुचवावी. दुकानांसमोर माल चढविण्या-उतरविण्यापुरती वेळ ठरवावी. रुग्णवाहिका व एसटीचा मार्ग पूर्णतः मोकळा ठेवावा. हा ठराव पोलीस आणि परिवहन अधिकाऱ्यांकडे पाठवून अधिकृत अधिसूचनेचा पाठपुरावा करावा. रस्ता राज्य वा जिल्हा मार्ग असेल, तर संबंधित बांधकाम खात्यालाही सोबत घ्यावे. बाजाराच्या दिवशी दोन-चार तरुणांनी विनयपूर्वक मार्गदर्शन करावे. मात्र वाहन हलविणे हे पोलिसांचेच काम. तेथे उत्साहाच्या भरात कायदा हाती घेऊ नये.

एक गोष्ट मात्र स्वतःला विचारलीच पाहिजे. नियम गरिबाच्या हातगाडीला आणि सवलत पुढाऱ्याच्या मोटारीला, असे झाले तर ग्रामसभेचा ठराव कागदावरच राहील. आपल्या उत्सवांचे मंडप, आपल्या कार्यक्रमांना आलेल्या गाड्या याला अपवाद आहेत काय? संघाच्या शताब्दीनिमित्त जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले गेले, त्यात नागरिक कर्तव्य हा एक विषय आहे. त्याचा आरंभ भाषणातून होत नसतो. आपली गाडी चार पावले दूर लावून चालत येणारा कार्यकर्ता गावाला जे शिकवितो, ते शंभर फलक शिकवू शकत नाहीत.

रस्ता हे समाजाचे सामाईक धन आहे. ते अडविणाऱ्याला समाजाने आपलेपणाने, पण निःसंदिग्ध शब्दांत थांबविले पाहिजे. रुग्णवाहिका अडल्यानंतर हळहळण्यापेक्षा येत्या ग्रामसभेत हा विषय मांडणे श्रेयस्कर.